शेवटच्या वस्तीचे नऊ दिवस

सुगत, माणूस गेला की त्याच्याबद्दल गोड लिहायचं असतं. मी तीनदा बसलो. पहिल्या वेळी कागदावर उतरलं, ‘सुगत सोनकांबळे लई खडूस माणूस होता.’ खोडलं. दुसऱ्या वेळी उतरलं, ‘तू गेलास ते बरं झालं, आता माझ्याकडं बघून कुणी तसं हसणार नाही.’ तेही खोडलं, पण खोटं होतं म्हणून नाही. तिसऱ्या वेळी ठरवलं की छापण्यासारखं माझ्याकडं काही नाही, तर हे तुलाच लिहावं. तू वाचणार नाहीस, म्हणजे चुकाही काढणार नाहीस.

तुला जाऊन अजून महिना झाला नाही. मुखेडच्या एसटी स्टँडसमोरच्या तुझ्या झेरॉक्सच्या दुकानात छातीत कळ आली, शटर अर्धं ओढलंस आणि तिथंच बसलास, एवढंच मला फोनवर सांगितलं. ऐकून माझ्या मनात काय आलं सांगू? दुःख मागाहून आलं. आधी आलं ते हे, की आता ती गोष्ट फक्त मलाच माहीत आहे. इतका हलका माणूस मी. लातूरच्या त्या ऑफिसातून नऊ दिवस पाण्याचे टँकर भलतीकडं गेले, त्याचं खापर तुझ्यावर फुटलं आणि तुझी नोकरी गेली. चूक माझी होती. दहा वर्षं मी ते कुणापुढं बोललो नाही. तुझ्यापुढंसुद्धा नाही.

आपल्या दोघांना मिळून एक टेबल, एक जुनाट संगणक आणि कुरकुरणारा एक पंखा. दोघंही कंत्राटी. काम एकच, रोज सकाळी कोणत्या गावाला टँकरच्या किती खेपा जायच्या त्याच्या चिठ्ठ्या काढायच्या. तू येण्याआधी एक कारकून त्या हातानं लिहायचा आणि ड्रायव्हर लोक दुपारपर्यंत आवारात बिड्या फुंकत बसायचे. तू आलास आणि शेल स्क्रिप्ट लिहिलीस, संगणकानं एकामागून एक पाळायच्या हुकमांची यादी. दहा-बारा ओळींचा एक लूप. गावांच्या यादीतलं पहिलं नाव उचलायचं, त्याची चिठ्ठी छापायची, दुसरं उचलायचं, त्याची छापायची, यादी संपेपर्यंत. हातात घेतलेलं नाव ज्यात धरून ठेवायचं त्या व्हेरिएबलला तू ‘गाव’ म्हणायचास. मी एकदा तिथं एक्स लिहिलं, तर म्हणालास, “एक्स कुठं आलंय रे देवणी तालुक्यात? कुन्या रस्त्यानं जायचं तिथं?” ड्रायव्हर हसले. मीही हसलो, पण मला लागलं होतं.

तू शिकवायचास ते असंच, चारचौघांत सोलून. मी पहिलं फंक्शन, म्हणजे स्क्रिप्टच्या पोटातली छोटी स्क्रिप्ट, लिहिलं त्या दिवशी तू मला भिंतीवरच्या फळ्यापुढं उभं केलंस. फळ्यावर खडूनं एका गावाचं नाव लिहिलं होतं. “बाहेर लूप चाललाय. फळ्यावर हे गाव हाय. आता तू फंक्शनमदी गेलास, आत तुझा येगळा लूप चालू झाला. आतली नावं कुठं लिवशील?” मी खडू घेऊन त्याच फळ्याकडं वळलो. तू नाव पुसायचं डस्टर माझ्या पाठीत हाणलंस. “हेच! हेच करशील तू. बाहेर येशील तवा फळ्यावर आतलं नाव ऱ्हाईल, आन् बाहेरच्याला वाटंल हेच आपलं गाव. आत जाताना सोताची पाटी घेऊन जायची. आदी ‘लोकल’ लिवायचं, मग नाव. शेल तुला इचारणार न्हाई. सांगितलं तेवढंच करतंय ते, तुझ्यासारखं.” शर्टाच्या पाठीवर खडूचा पांढरा चौकोन घेऊन मी दिवसभर फिरलो. कुणी झटकला नाही. तूही नाहीस.

तरी जेवायला आपण एकत्रच बसायचो. तुझी करडईची भाजी मी खायचो, माझ्या आईनं गावाहून पाठवलेले धपाटे तू. ते धपाटे कोण खातंय हे मी आईला कधी सांगितलं नाही आणि तूही कधी विचारलं नाहीस. किल्लारीकडं याद्या तपासायला गेलो होतो तेव्हाची जीप आठवते? भर उन्हात बंद पडली. रस्त्यावर चिटपाखरू नाही. तुझ्या बाटलीत तळाला जेवढं होतं ते तू मला दिलंस आणि म्हणालास, “पी. तुझ्या बापाला मी सांगत न्हाई.” मी प्यायलो. पण बाटली वर धरून, तोंड न लावता प्यायलो. घोटभर सांडलंही. तू ते पाहिलंस आणि जीपच्या चाकाकडं वळलास. सवय होती रे मला तशी, एवढं सांगायलासुद्धा मला जमलं नाही.

एकदा जेवता जेवता तू माझ्यापुढं गावांची यादी टाकलीस. “कुठलंबी गाव घे. त्याच्या वस्त्या वाच. आदी गावठाण, मग वरची आळी, मग वाडी, मग तांडा. शेवटी कोन?” शेवटी भीमनगर. नाहीतर बुद्धनगर. नाहीतर नुसतीच ‘नवी वस्ती’. मी म्हणालो, “लिहिणाऱ्यानं रस्त्याप्रमाणं लिहिलं असंल.” तू म्हणालास, “सगळ्याच गावचा रस्ता आमच्यापशी येऊनच संपतो व्हय?” मी चिडलो. तुला प्रत्येक गोष्टीत तेच दिसतं, खामखा उकरून काढतोस, असं काहीबाही बोललो. तू डबा बंद केलास. तो वाद पुढं कधी झालाच नाही, आणि आता माझ्याकडं उत्तर असलं तरी ते द्यायचं कुणाला?

त्याच उन्हाळ्यात नव्या जिल्ह्याची हवा सुटली. पूर्वेकडचे तालुके तोडून वेगळा जिल्हा होणार, कचेरीची जागा बघून ठेवलीय, पाट्या रंगवायला टाकल्यात, असं लोक शपथेवर सांगायचे. प्यायला पाणी नव्हतं, मांजरा नदीच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळत होती, आणि चहाच्या टपरीवर जिल्ह्याचं ठिकाण कुठं करायचं यावरून हमरीतुमरी चालायची. आपल्याला त्यातलं एकच कळत होतं. नवा जिल्हा म्हणजे नवी कचेरी आणि नव्या कचेरीत कायमची पदं. आपल्या विभागाचे साहेब एकदा बोलता बोलता म्हणाले, “तुमच्यातला एक तरी लागून जाईल बघा.” त्या दिवसापासून आपण आपापला डबा लवकर संपवायला लागलो, कबूल कर.

मग साहेबांनी नमुना म्हणून सात गावं काढली. नव्या जिल्ह्यात जातील अशी. त्या गावांच्या चिठ्ठीवर वस्तीवार माणसं मोजून आकडा टाकायचा होता. तू त्या दिवशी रजेवर होतास, हजेरीबुकात मात्र तुझी सही मीच ठोकली होती. साहेबांनी नुसता कागद पाठवला होता, कुणी करायचं ते लिहिलं नव्हतं; मी ठरवलं, आपणच करायचं. तुझ्यावाचूनही मला येतं हे दाखवायचं होतं, दुसरं काय! बसलो तुझ्याच लॉगिनवर. माझा पासवर्ड मी पहिल्याच आठवड्यात विसरलो होतो, नव्याला अर्ज करावा लागत होता, आणि तूच म्हणाला होतास, “बस की माझ्या नावानं, काय बिघडतंय?”

फंक्शन लिहिलं. गावाच्या एकेका वस्तीचं नाव उचलायचं, माणसं मोजायची, बेरीज करायची. आतल्या लूपलाही मी तेच नाव दिलं, ‘गाव’. तूच लावलेली सवय. आणि लोकल लिहायचं राहिलं. बास. फंक्शन वस्त्या मोजून बाहेर यायचं तेव्हा ‘गाव’मध्ये गाव उरलेलंच नसायचं. तिथं शेवटच्या वस्तीचं नाव बसलेलं असायचं, आणि चिठ्ठी त्याच नावानं छापली जायची. अख्ख्या गावाच्या दिवसाच्या सगळ्या खेपा, यादीत सगळ्यात खाली लिहिलेल्या वस्तीला.

गावं ड्रायव्हरांत वाटून दिलेली होती; आपल्या गावात चिठ्ठीवर जी वस्ती लिहिलीय तिकडं ड्रायव्हर जातो, त्याला काय? सहा गावांत लोकांनी कुरकुर केली, सरकारला शिव्या घातल्या, आणि घागरी घेऊन त्या वस्तीच्या टाकीवर रांगेत उभे राहिले. सातवं गाव माझं होतं. देवणीजवळचं. नाव लिहीत नाही, तिथं माझी भावकी राहते. दोनशे पावलांवर पाणी होतं, सुगत. माझ्या माणसांनी लांबच्या रानातल्या विहिरीवर बैलगाड्या पाठवल्या, म्हाताऱ्यांना दिवसाला एक तांब्या मोजून दिला, पण वस्तीच्या रांगेत कुणी गेलं नाही. माझी सख्खी आई त्या तांब्यावर राहिली, हे मला मागाहून कळलं. तिला घसा कोरडा पडून बोलता येत नव्हतं आणि तरी ती तिकडं गेली नाही.

आता आठवतं, त्या नऊ दिवसांत तू मला एकदाही टोचून बोलला नाहीस. एकदा तर स्वतः होऊन मला चहा पाजलास. मला वाटलं, पदाच्या काळजीत असशील.

नवव्या दिवशी सकाळी माझ्या चुलत्याचा फोन आला. तोच तेव्हा सरपंच. “बाल्या, काय करायलास रे तिथं बसून? आमचं पानी त्येंच्या टाकीत कसं पडायलंय?” ‘त्येंच्या’ऐवजी त्यानं जो शब्द वापरला तो तुला ठाऊक आहे, मी लिहीत नाही. मी म्हणालो, बघतो. त्यानं माझ्या बघण्याची वाट पाहिली नाही. दुपारच्या आत चार जणांनी कुऱ्हाडीनं वस्तीची टाकी फोडली. भरलेली होती. सगळं पाणी मातीत गेलं. आडवे आलेल्या दोघांची डोकी फुटली आणि त्यांना लातूरला आणावं लागलं.

मी तोवर फाइल उघडली होती. चूक दिसायला मला मिनिटभरही लागलं नाही. तो एक शब्द घातला, चिठ्ठ्या पुन्हा काढून बघितल्या, सगळ्या बरोबर आल्या. तू आत आलास. पडद्याकडं पाहिलंस, माझ्याकडं पाहिलंस आणि हसलास. मी खाली मान घालून कागद सारखे करत बसलो.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत चुलता खुर्चीवर बसला होता आणि आपण दोघं उभे. साहेबांनी विचारलं, “हे कुणी लिहिलंय?” मी म्हणालो, “साहेब, मी फक्त याद्या टाइप करतो. स्क्रिप्ट सुगत लिहितो.” हे मी घरून ठरवून आणलं नव्हतं. किती सहज आलं तोंडातून! नाव-गाव सांगावं तसं. तू माझ्याकडं वळलाही नाहीस. म्हणालास, “माझ्या लॉगिनवरनं गेलंय.” साहेबांनी विचारलं, “चुकून झालं की मुद्दाम केलं?” चुलता मधेच म्हणाला, “त्यात इचारायचं काय साहेब, आडनाव बघा की त्येचं.” साहेब तुझ्याकडं बघत थांबले. मला वाटतं, तू ‘चुकून’ म्हणावंस अशी त्यांची इच्छा होती. तू म्हणालास, “तुमाला काय लिवायला सोपं जाईल ते लिवा.” साहेबांनी ‘मुद्दाम’ लिहिलं. बाहेर आल्यावर चुलत्यानं माझ्या पाठीवर थाप मारली.

आणि तो जिल्हा झालाच नाही रे! कागद कुठं अडकला, की निघालाच नव्हता, कुणाला माहीत. पद आलं नाही. मी अजून त्याच टेबलावर आहे, अजून कंत्राटी. ज्या खुर्चीसाठी मी खोटं बोललो तिचं लाकूडसुद्धा कुणी कापलं नव्हतं. हस आता, काय हसायचं ते हसून घे.

मुखेडला मी दोनदा आलो. पहिल्या वेळी दुकानात गर्दी होती. तू मला स्टुलावर बसवून तासभर लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरत राहिलास. मग चहा सांगितलास. मी म्हणालो, “सुगत, ते त्या वेळचं...” तू मला पुढं जाऊच दिलं नाहीस. “लोकल लिवायलास का आता?” असं म्हणून गिऱ्हाइकाकडं वळलास. दुसऱ्या वेळी मी देवणीहून नक्की करून निघालो होतो की आज पायच धरायचे. आलो, बसलो, पावसापाण्याचं बोललो आणि गाडी लागली म्हणून उठलो. गाडी लागली नव्हती. तुझ्या दुकानातून स्टँड समोरच दिसतं, म्हणजे तुलाही ते दिसत होतं.

एक सांगू? इतकं असूनही मी तुझे उपकार मानायचो, अगदी मनापासून. पोराला शाळेत सोडताना आठवायचास. दोस्तानं दोस्तासाठी स्वतःचं वाटोळं करून घेतलं, चकार शब्द काढला नाही, असं मी मनात म्हणायचो आणि माझे डोळे भरून यायचे. लाज वाटायची. पण त्या लाजेतही मला कुठंतरी बरं वाटायचं, की आपल्यासाठी कुणी एवढं केलं. माझ्या आयुष्यात माझ्यासाठी एवढं करणारा तूच एक होतास.

परवा तुझ्या जलदान विधीला आलो. विहारात वंदना झाली, मग एकेक जण बोलायला उठला. माझ्या गावच्या वस्तीतून जीप भरून माणसं आली होती. मी त्यांना ओळखत होतो, ती मला ओळखत होती. त्यांनी मला जय भीम घातला नाही आणि मलाही रामराम घालायचा धीर झाला नाही. त्यांच्यातला एक म्हातारा माईकपुढं गेला. त्याच्या कपाळावर जुन्या टाक्यांचा वण होता. म्हणाला, “नऊ दिवस आमच्या टाकीत पयलं पानी पडलं. गावाच्या आदी. माझ्या उभ्या जल्मात ते नऊच दिवस. गावची मानसं रांगंत आली न्हाईत तो त्येंचा प्रश्न, आमी कुनाला नगं मनलं न्हाई. ह्या मानसानं ते पानी दिलं. नोकरी गेली, पन चुकून झालं असं त्यो मनला न्हाई.” बायका पदरानं डोळे पुसत होत्या.

मग कुणीतरी ऑफिसातला जुना दोस्त म्हणून माझं नाव पुकारलं. मी उठलो. मी ठरवूनच आलो होतो, सुगत, देवाशपथ. या वेळी बोलायचंच. माईक धरून म्हणालो, “सुगतनं ते मुद्दाम केलं नव्हतं. त्यानं केलंच नव्हतं. ती चूक माझी होती. साहेबांपुढं मी खोटं बोललो, म्हणून त्याची नोकरी गेली.” बोललो एकदाचं. आता कुणी कॉलर धरेल, कुणी थुंकेल, मी त्याला तयार होतो. खरं म्हणजे मला ते हवंच होतं. कुणी जागचं हललं नाही. फक्त तो म्हातारा म्हणाला, “मंजी ते पानीबी तुमचंच मना की.”

वहिनी पुढच्याच रांगेत बसल्या होत्या, पांढऱ्या साडीत. त्या उठल्या नाहीत, आवाजही चढवला नाही. “भाऊजी, चूक तुमची व्हती हे आमाला ठावं हाय. तुमी ते केल्याच्या दुसऱ्याच दिशी घरी येऊन सांगितलं त्यांनी मला. बाल्यानं घान करून ठिवलीय, एका शब्दाचं काम हाय, पन मी करनार न्हाई मनले. जवर कुनी वरडत न्हाई तवर चालू दी मनले. मुद्दामच केलं त्यांनी. नोकरी तुमी ठिवून घेतली. एवढं तरी त्यांच्याकडं ऱ्हाऊ द्या. बसा आता.”

मग टाकी फुटली, त्या दोघांची डोकी फुटली, ते तुला दिसलं नव्हतं का रे, असं तुला विचारावंसं वाटलं. पण ज्याचं डोकं फुटलं तो समोर बसून तुझं नाव घेत होता, विचारणारा मी कोण? साहेबांच्या खोलीत तू मला वाचवत नव्हतास. मी शेजारी उभा आहे याचंही तुला काही नव्हतं. आणि मी दहा वर्षं तुझे उपकार मानत राहिलो.

मी बसलो. म्हाताऱ्यानं सरकून जागा दिली, आणि पुढचा माणूस बोलायला उठला.